अडुसष्ट लिंगं मांडणाऱ्याच्या गळ्यात एकच लिंग कसं आलं?

भोगीच्या सकाळी बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात आणि दिवसभर सोलापूरला वेढा घालत फिरतात. पांढरी बाराबंदी घातलेली माणसं ते उंचच उंच ध्वज आळीपाळीने, तोल सांभाळत पेलतात. मागून ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ चालू असतं. वाटेत जिथे जिथे सिद्धरामाने, म्हणजे सोलापूरचं ग्रामदैवत झालेल्या बाराव्या शतकातल्या सिद्धेश्वराने, स्थापलेलं लिंग आहे, तिथे थांबून तेल घालायचं. अशी लिंगं अडुसष्ट. काही नीट देवळात आहेत, काही रस्त्याच्या कडेला एवढ्याशा घुमटीत. एरवी वर्षभर आपण त्यांच्या शेजारून गाडी काढतो आणि लक्षही जात नाही.

या विधीला सोलापुरात ‘येण्णीमज्जन’ म्हणतात. लहानपणी मला हा काहीतरी मंत्रातला शब्द वाटायचा. आमची अव्वा (आईची आई, माहेर अक्कलकोटकडचं, घरात अर्धं कानडी) एकदा हसून म्हणाली, ‘एण्णे म्हंजे तेल, मज्जन म्हंजे आंघोळ. देवाला तेल लावून न्हाऊ घालतेत, एवढंच की.’ गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या जत्रेतले असे कितीतरी शब्द आपण मराठी म्हणून वापरतो आणि ते निघतात कानडी. ‘हब्बू’मध्ये हब्ब, म्हणजे सण. ‘हिरे’ म्हणजे थोरला. शेवटच्या दिवशीची ‘कप्पडकळी’ म्हणजे कापड उतरवणं. शब्द कानडी का, याचं उत्तर शोधत गेलं की आपण बाराव्या शतकात जाऊन पोहोचतो, आणि तिथे एक कोडं आपली वाट बघत असतं.

कोडं असं. ज्या शरणांच्या चळवळीत सिद्धरामाचं नाव बसवण्णा, अल्लमप्रभू, अक्कमहादेवी यांच्या पंगतीत घेतलं जातं, त्या चळवळीचं म्हणणं होतं की देव देवळात नाही, दगडाच्या स्थापनेत नाही, तीर्थाला जाण्यात नाही. आणि आमचा सिद्धराम तर देवळं बांधणारा, तळं खणणारा, पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगं स्थापणारा. मग तो त्यांच्यात गेला कसा? की त्यांनी त्याला ओढून नेलं? आणि गेल्यावर या अडुसष्टांचं काय झालं?

(सिद्धरामाला मी इथे एकेरीत लिहितोय. विठोबाला जसं एकेरीत बोलतो तसं. सोलापूरकर वाचक समजून घेतील.)

आधी शरण म्हणजे कोण ते बघू. बाराव्या शतकाच्या मध्यावर कल्याण ही या सगळ्या मुलखाची राजधानी होती. आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं, हैदराबाद रस्त्याने सोलापूरहून शंभर-सव्वाशे किलोमीटर. गादी चालुक्यांची, पण त्यांचाच मांडलिक कलचुरी बिज्जल याने ११५७च्या सुमारास सत्ता आपल्या हातात घेतली. या कलचुरींचं मूळ ठाणं कुठलं? मंगळवेढं. आपल्याच जिल्ह्यातलं, ज्वारीचं मंगळवेढं. बसवण्णांनी बिज्जलाच्या पदरी नोकरीची सुरुवात तिथेच केली असं परंपरा सांगते. पुढे ते कल्याणला गेले, राज्याच्या खजिन्याचे मोठे अधिकारी झाले आणि तिथे त्यांच्याभोवती माणसं जमू लागली.

ती माणसं बघण्यासारखी होती. मडिवाळ माचय्या धोबी, अंबिगर चौडय्या नावाडी, हरळय्या चांभार, नुलिय चंदय्या दोर वळणारा, आयदक्की लक्कम्मा आणि तिचा नवरा मारय्या सांडलेले तांदूळ वेचून पोट भरणारे. हे सगळे बसून देवाविषयी बोलत, वाद घालत, आणि जे सुचेल ते साध्या कानडीत सांगत. या सांगण्याला ‘वचन’ म्हणतात. वचन म्हणजे धड पद्य नाही, धड गद्य नाही. चार-दहा ओळींचं बोलणं, शेवटी सांगणाऱ्याच्या देवाचं नाव. बसवण्णांच्या वचनात ‘कूडलसंगमदेव’ येतो, अल्लमप्रभूंच्या वचनात ‘गुहेश्वर’, सिद्धरामाच्या वचनात ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’. आपल्या अभंगात ‘तुका म्हणे’ येतं, तशीच ही खूण, फक्त इथे कवीच्या जागी देव सही करतो. ज्या बैठकीत हे चालायचं तिला अनुभवमंटप म्हणतात.

बसवण्णांचं एक वचन कळलं की अर्धी चळवळ कळते. त्याचा भाव असा: पैसेवाले शिवाची देवळं बांधतील, मी गरीब काय बांधू? माझे पाय हेच खांब, देह हेच देऊळ, डोकं हाच सोन्याचा कळस. आणि मग शेवटची ओळ, स्थावराला अंत आहे, जंगमाला नाही.

‘स्थावर’ आणि ‘जंगम’ या दोन शब्दांवर थोडं थांबायला हवं, कारण मराठीत दोन्हींचे अर्थ भलतीकडे गेलेत. स्थावर म्हटलं की आपल्याला जमीनजुमला आठवतो, जंगम म्हटलं की लिंगायतांतले स्वामी. मूळ अर्थ अगदी उघड आहे. एका जागी उभं ते स्थावर, चालतं-फिरतं ते जंगम. देऊळ उभं राहतं आणि एक दिवस पडतं. माणूस चालतो, त्याच्यातली जाणीव पुढच्या माणसात जाते. म्हणून देव चालत्या माणसाजवळ असला पाहिजे. यातूनच इष्टलिंग आलं. छोटंसं लिंग, वरून काळा लेप, चांदीच्या डबीत किंवा कापडात बांधून गळ्यात. पूजा करायची तर ते काढून डाव्या तळहातावर ठेवायचं आणि त्याच्याकडे बघत बसायचं. मध्ये पुजारी नाही, देवळाचा उंबरठा नाही. उंबरठाच नसल्यावर ‘तू बाहेर थांब’ असं सांगणार कोण आणि कुणाला? बाईला विटाळाच्या दिवसांतही लिंग काढावं लागत नाही. बाराव्या शतकात ही केवढी मोठी गोष्ट होती ते ज्याचं त्याने मोजावं.

आता आपला सिद्धराम. गाव सोन्नलिगे. सोलापूर म्हणजे सोळा गावं एकत्र आली म्हणून, असं शाळेत आपल्याला सांगतात. ऐकायला छान आहे, पण शिलालेख वेगळं बोलतात. कलचुरींच्या काळातल्या लेखांत नाव आहे सोन्नलगे, यादवांच्या अखेरीपर्यंत सोन्नलगी. मोहोळ तालुक्यातल्या कामतीच्या शके १२३८च्या संस्कृत लेखात ‘सोनलीपूर’ आहे. सोळाचा हिशेब नंतर कुणीतरी बसवला.

या गावात मुद्दगौडा आणि सुग्गलादेवी यांच्या पोटी सिद्धराम जन्मला. त्याचं चरित्र राघवांक नावाच्या कानडी कवीने तेराव्या शतकाच्या आगेमागे लिहिलं, म्हणजे सिद्धरामाची आठवण ताजी असताना. त्यातली गोष्ट आमच्याकडे घरोघरी माहीत आहे. गुरं राखणारं, फारसं न बोलणारं पोर. एक दिवस रानात एक जंगम आला, म्हणाला मी मल्लय्या, श्रीशैलाचा. भूक लागलीय. पोराने कोवळं कणीस भाजून दिलं. मग त्याने दहीभात मागितला. पोरगं घरी पळत गेलं, दहीभात घेऊन आलं, तर मल्लय्या नाही. ‘मल्लय्या, मल्लय्या’ करत ते रानोमाळ हिंडलं. श्रीशैलाला निघालेले यात्रेकरू भेटले, त्यांच्यामागे चालत गेलं. तिथे लोकांनी मल्लिकार्जुनाचं लिंग दाखवलं. ते म्हणालं, हा माझा मल्लय्या नव्हे, माझा मल्लय्या जेवायला मागतो. शेवटी कड्याच्या टोकाशी जाऊन उडी घेणार, तेवढ्यात मल्लय्याने हात धरला.

या गोष्टीकडे नीट बघा. इथेच कोड्याची पहिली गाठ आहे. दगडाचं लिंग बघून ‘हा माझा नव्हे’ म्हणणारं पोर अजून बसवण्णांना भेटलेलंही नाही, आणि बोलतंय मात्र जंगमाचीच भाषा. त्याला उभा देव नको, चालता-बोलता, भूक लागणारा देव हवाय. पण मल्लय्याने त्याला पुढे जे काम दिलं ते स्थावराचं. परत जा आणि सोन्नलिगेला दुसरं श्रीशैल कर.

दुसरं श्रीशैल करायचं म्हणजे काय? शिवाची देशभर पसरलेली अडुसष्ट तीर्थं अशी जुनी मोजदाद आहे. ज्याला जन्मात श्रीशैल बघायला मिळणार नाही, काशी तर दूरच, अशा माणसासाठी ती सगळी पाच कोसांच्या आत आणून मांडायची. अडुसष्ट लिंगं, आठ विनायक, आठ भैरव. गावच तीर्थ झालं. आणि मधोमध तळं.

तळ्याचं महत्त्व सोलापूरकराला सांगायला नको. हा अवर्षणाचा टापू. मार्चपासून नळाला पाणी किती दिवसांनी येणार याची गणितं आपण आजही करतोच. अशा मुलखात बाराव्या शतकात देऊळ आणि तळं या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. तळ्यासाठी माणसं जमवायची तर देवाचं नाव लागायचं, आणि देवाचा दिवा जळत ठेवायचा तर तळ्याखालची ओली जमीन लागायची. त्या काळच्या शिलालेखांत देवळाला जमीन दिल्याचे उल्लेख सारखे येतात ते म्हणूनच. सिद्धरामाचा धर्म हा असा होता. फावड्याचा, पाटीचा, बांध घालण्याचा. आज सिद्धेश्वराचं देऊळ तळ्यात उभं आहे, शेजारच्या भुईकोट किल्ल्याची एक बाजू त्याच पाण्याला लागलेली आहे. संध्याकाळी कट्ट्यावर बसून शेंगा खाणाऱ्यांना कल्पनाही नसते की आपण एका धार्मिक वादाच्या ऐन जागेवर बसलोय.

कारण वाद इथेच झाला. तळ्याचं काम चालू असताना.

अल्लमप्रभू हे त्या मंडळींतले सर्वांत अवघड गृहस्थ. कुणालाच मोकळं सोडत नसत. ते फिरत फिरत सोन्नलिगेला आले. माती वाहणाऱ्या लोकांना त्यांनी विचारलं, तो ओड्ड सिद्धराम कुठाय? ओड्ड म्हणजे वडार, दगड फोडणारा, माती खणणारा. म्हणजे तुम्ही ज्याला गुरू म्हणता तो एक मातीकाम करणारा, एवढंच. लोक भडकले. त्यांनी दगड मारले. कथा म्हणते की दगड प्रभूंना लागलेच नाहीत, भोवती ढीग होत गेला. मग सिद्धराम स्वतः आला, तोही संतापला, आणि त्याच्या तिसऱ्या डोळ्यातून आग निघाली. त्या आगीनेही प्रभूंचं काही झालं नाही. आग विझल्यावर बोलणं सुरू झालं.

प्रभूंचा मुद्दा माझ्या शब्दांत मांडायचा तर असा. तू तळं खणतोस, लोकांची तहान भागते, चांगलं आहे. पण तू हे काम करतोस की हे काम तुला करतंय? आज तळं, उद्या देऊळ, परवा आणखी एक लिंग. पुण्याची रास वाढतेय आणि त्या राशीवर ‘मी केलं’ म्हणणारा बसलाय. एवढी माती उपसलीस, त्या ‘मी’वर फावडं कधी घालणार? आणि कुणी तुला नुसतं ओड्ड म्हटलं तर तुझ्या डोळ्यातून आग निघते, मग एवढ्या योगसाधनेने झालं काय?

शेवटचा प्रश्न मला फार आवडतो. सगळा वाद एका शिवीने सोडवलाय. शिवी ऐकून जो जळतो त्याच्यात जळण शिल्लक आहे.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. शरण कामाला कमी लेखायचे असं यावरून वाटेल. खरं तर उलट. ‘कायक’, म्हणजे अंगमेहनतीचं, प्रामाणिकपणे केलेलं काम, हा त्यांच्या विचाराचा कणा. ‘कायकवे कैलास’, म्हणजे काम हाच कैलास, हे त्या तांदूळ वेचणाऱ्या मारय्याच्या वचनातलं आहे. फरक कशात? मारय्या तांदूळ वेचतो ते आजच्या पोटापुरते, गुरू-जंगमांना घालण्यापुरते. लक्कम्मा त्याला एकदा झापते की गरजेपेक्षा जास्त तांदूळ आणलेस, जिथले तिथे टाकून ये. म्हणजे काम करावं आणि मोकळं व्हावं. सिद्धरामाच्या कामाची मात्र शिल्लक राहत होती, दगडात, पाण्यात, नावात. अल्लमप्रभूंचं बोट त्या शिलकीवर होतं.

सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला गेला. पण तिथेही तो गपगुमान मान खाली घालून बसला नाही, आणि हे मला सोलापूरकर म्हणून बरं वाटतं. त्याला म्हणाले इष्टलिंग घे. त्याने विचारलं, आत लिंगाची जाणीव झालेली असताना बाहेर गळ्यात आणखी एक कशाला? बघा गंमत. कालपर्यंत अडुसष्ट लिंगं स्थापणारा आज एक लिंग घ्यायला कां-कूं करतोय, तेही शरणांच्याच युक्तिवादाने. दगड नको म्हणता, मग हा छोटा दगड तरी का?

यावर बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा पुढे आले. चळवळीचं शास्त्र नीट बांधणारा माणूस म्हणून त्यांचं नाव आहे. त्यांची बाजू अशी समजून घेता येते की आतली जाणीव ही वाऱ्यासारखी असते, आता आहे आणि मग नाही. हातावरचं लिंग तिला धरून ठेवतं. देवळातलं लिंग गावाचं, ते सगळ्यांचं म्हणून कुणाचंच नाही, किंवा कुणातरी पुजाऱ्याचं. तळहातावरचं लिंग तुझ्या श्वासाच्या अंतरावर. ते तुझ्याबरोबर शेतात येतं, बाजारात येतं, शेवटी मातीतही येतं. त्याच्यासमोर खोटं वागायला जागा नाही. शेवटी सिद्धरामाने चन्नबसवण्णांकडून दीक्षा घेतली. अडुसष्ट लिंगांच्या धन्याच्या गळ्यात एक लिंग आलं ते असं, भांडून.

कल्याणचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, ती गोष्ट फार जणांनी सांगितली आहे. हरळय्या चांभाराच्या मुलाचं लग्न मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी झालं. राजाने दोन्ही बापांना मरणाची शिक्षा दिली. गावात आगडोंब उसळला, ११६७च्या सुमारास बिज्जलाचा खून झाला, शरण वाट फुटेल तिकडे पांगले. चन्नबसवण्णा आणि बरेच जण उळवीच्या जंगलाकडे गेले. सिद्धराम सोन्नलिगेला परतला. त्याची समाधी तळ्यातल्या त्याच देवळात आहे, जिथे माती उपसताना त्याला शिवी ऐकावी लागली होती.

हे सगळं आपल्याला कळतं कशावरून, हे विचारायला हवं, कारण प्रत्येक साधनाची किंमत वेगळी. शिलालेख राजांची नावं, गावांची नावं, दिलेल्या जमिनी नेमक्या सांगतात, पण मनात काय चाललं होतं ते सांगत नाहीत. राघवांकाचं चरित्र जवळच्या काळातलं, पण ते पुराण आहे, त्याला चमत्कार हवेत. वचनं ही माणसाच्या तोंडची, पण ती ताडपत्रांवर हात बदलत आली, मध्ये भर पडली, गळती झाली. सिद्धरामाच्या नावावर आज हजाराहून जास्त वचनं आहेत. ती आणि इतरांची वचनं जुन्या पोथ्यांतून वेचून छापण्याचं काम विजापूरच्या फ. गु. हळकट्टी या वकिलाने आयुष्यभर केलं. १९२३ साली त्यांचा पहिला मोठा संग्रह निघाला, तोवर शिकलेल्या कानडी माणसालाही यातलं फार थोडं ठाऊक होतं.

आणि अल्लमप्रभूंची ती शिवीची गोष्ट? ती एवढी रंगून आली आहे ‘शून्यसंपादने’त. हा ग्रंथ पंधराव्या शतकातला, विजयनगरच्या काळातला. शरणांची वचनं घेऊन त्यांतून संवाद, प्रसंग, नाटकच उभं केलं आहे. म्हणजे घटना आणि लिखाण यांत अडीचशे-तीनशे वर्षांचं अंतर. तेव्हा तळ्याच्या बांधावर अगदी हेच शब्द बोलले गेले असं मानायचं कारण नाही. पण पंधराव्या शतकातल्या लिंगायत विद्वानांना सिद्धराम खटकत होता, एवढं त्यातून नक्की दिसतं. एवढा मोठा शिवयोगी, आणि आयुष्याचा मोठा भाग ‘स्थावरा’त घालवलेला. त्याला सोडताही येईना आणि तसाच घेताही येईना. मग त्यांनी त्याच्यासाठी एक भांडण लिहिलं. माझ्या मते धर्माच्या इतिहासातली ही फार प्रामाणिक जागा आहे. त्याची देवळं लपवली नाहीत, ती त्याने मोडली असंही लिहिलं नाही. त्याला अडचणीसकट आत घेतलं.

आता सोलापूरकडे परत येऊ. कारण सोलापूरने काय केलं ते आणखी मजेशीर आहे. सोलापूरने अल्लमप्रभूंचं ऐकलंच नाही.

आपला गड्डा बघा. भोगीला अडुसष्ट लिंगांना तेल. संक्रांतीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. त्यामागची कथा अशी की एका कुंभारकन्येला सिद्धरामाशी लग्न करायचं होतं. तो योगी, लग्न कसं करणार? त्याने आपला योगदंड दिला, याच्याशी कर. तेच लग्न दरवर्षी लागतं. नंदीध्वज हे त्या योगदंडाचं रूप. ‘सत्यम् सत्यम्’ ऐकू आलं की हजारो हातांतून अक्षता उडतात. पांढऱ्या बाराबंद्यांच्या त्या गर्दीत उभं राहिलं की नास्तिकाच्याही अंगावर काटा येतो, हे मी एका नास्तिक मित्राला सोबत नेऊन तपासलंय. दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीला, होम मैदानावर होमप्रदीपन. ती कुंभारकन्या सती गेली, त्याची आठवण.

शरणांच्या चष्म्यातून बघायचं तर यातलं काय बसतं? होम तर त्यांना मान्य नव्हता. बाईने आगीत जाणं तर त्याहून नाही. शरणांना प्रिय असलेला सिद्धराम म्हणजे भांडून दीक्षा घेतलेला, वचनं लिहिणारा सिद्धराम. गड्ड्यात जो मिरवतो तो त्याच्या आधीचा, तळं खणणारा, लिंगं मांडणारा, कुंभाराच्या पोरीला रिकाम्या हाताने परत न पाठवणारा सिद्धराम. पुस्तकवाल्या मंडळींना याचा त्रास होतो, दर जानेवारीत कुणीतरी ‘हे मूळ तत्त्वाच्या विरुद्ध आहे’ असं लिहितं. म्हणणं चुकीचं नाही. पण त्याच गड्ड्यात दुसरीही एक गोष्ट आहे, ती त्यांनी पाहावी. सात नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे वाटलेले आहेत, त्यांत लिंगायतांबरोबर मातंग समाजाचाही मान आहे. हरळय्याला आपल्यात बसवणाऱ्यांची सावली तिथे पडलेली दिसते. पूर्ण उजेड मी म्हणणार नाही. मान वाटून देणं आणि रोजच्या व्यवहारात बरोबरीने बसणं यांत अजून पुष्कळ अंतर आहे.

मराठी बाजूने हा प्रवाह तुटलाही नाही. बीड जिल्ह्यातल्या कपिलधारच्या मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ मराठीत लिहिलं आणि मराठी लिंगायतांच्या घरी ते आजही वाचलं जातं. मंगळवेढ्याचं तर बघायलाच नको. ज्या गावात बसवण्णांनी हिशेब लिहिले असं म्हणतात, त्याच गावात पुढे चोखोबा राबले आणि १३३८ साली गावकुसाची भिंत अंगावर पडून गेले. देवळाचा उंबरठा कुणासाठी, हाच प्रश्न त्यांच्याही अभंगात आहे. दोन प्रवाहांनी एकमेकांकडून काय उचललं यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलंय, त्यात शिरलो तर हा लेख संपणार नाही.

‘ओड्ड’ या शिवीचं मात्र पुढे काय झालं ते सांगायलाच हवं. कर्नाटकात भोवी समाज आहे, म्हणजे तिकडचे ओड्ड, वडार. दगड फोडणारे, विहिरी खणणारे, बांध घालणारे. ते सिद्धरामाला आपला कुलगुरू मानतात. संक्रांतीच्या सुमारास, इकडे आपण गड्ड्यात असतो तेव्हा, तिकडे त्याची जयंती होते आणि त्याला बिरुद लावतात ‘कर्मयोगी’. अल्लमप्रभूंनी ज्या शब्दाने त्याला टोचलं, तो शब्द ज्यांच्या जन्माला चिकटलेला होता, त्यांनी तो उचलून छातीवर लावला. होय, तो वडारच, आमचा. शून्यसंपादनेच्या विद्वानांना हे सुचलं नसतं.

अव्वाच्या गळ्यातही लिंग होतं. रोज सकाळी आंघोळ झाली की ती भिंतीकडे तोंड करून बसायची, डाव्या तळहातावर लिंग, त्यावर पाण्याचे दोन थेंब, विभूती, बेलाचं एक पान. तेवढा वेळ तिला हाक मारायची नाही. स्थावर-जंगम हे शब्द तिने कधी उच्चारले नाहीत. पण भोगीला मात्र तेलाची वाटी घेऊन ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लिंगाजवळ नंदीध्वजांची वाट बघत उभी असायची, गुडघे दुखत असले तरी.

कॉलेजात असताना मी नुकतीच दोन-चार पुस्तकं वाचली होती. डोकं गरम होतं. मी तिला म्हटलं, ‘अव्वा, तुझ्या गळ्यात देव आहे ना? मग त्या रस्त्यावरच्या दगडाला तेल कशाला?’

तिने वाटी पदराखाली धरली, धूळ जाऊ नये म्हणून, आणि मिरवणुकीकडे बघतच म्हणाली, ‘मग त्याला कोण घालणार रे?’